तिघांचं भांडण, चौथ्याचा लाभ

शंभरातल्या साठाहून अधिक मतदारांनी ‘नको’ म्हटलं, तरी राष्ट्राध्यक्ष तोच राहिला! केनियातल्या 1992 च्या निवडणुकीची ही गोष्ट. वाचताना जबलपूरच्या मतदाराला मात्र आपलीच एक जुनी निवडणूक आठवेल.

महाराजपूर ही जबलपूर शहराची एक बाजू. नर्मदेकाठच्या या शहरात मराठी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या राहत आली आहेत. बाबूराव परांजपे यांच्यासारखा मराठी आडनावाचा खासदार जबलपूरने एकदा नव्हे, अनेकदा लोकसभेत पाठवला. अशा या शहराच्या राजकीय आठवणींत एका पोटनिवडणुकीला मानाचं पान आहे. हिंदीचे लेखक आणि काँग्रेसचे बुजुर्ग नेते सेठ गोविंददास 1952 पासून लोकसभेवर सलग निवडून येत होते. 1974 च्या जूनमध्ये त्यांचं निधन झालं आणि जागा रिकामी झाली. काँग्रेसच्या घरचीच जागा, निकाल काय लागणार हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

पण घडलं भलतंच. जयप्रकाश नारायण यांच्या आंदोलनाने देश तापला होता. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या विरोधी पक्षांनी मिळून एकच उमेदवार द्यायचं ठरवलं. उमेदवार कोण, तर जबलपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेला सत्तावीस वर्षांचा विद्यार्थी नेता, शरद यादव! ‘जनता उमेदवार’ म्हणून उभा राहिलेला हा तरुण निवडून आला आणि दिल्लीला पहिला धक्का बसला. तीन वर्षांनी, 1977 मध्ये, हाच प्रयोग सगळ्या देशाने केला.

जबलपूरच्या मतदाराने तेव्हा एक साधं गणित करून दाखवलं होतं. विरोधाची मतं एका पेटीत पडली, तर मोठमोठे वटवृक्ष कोसळतात. हेच गणित समुद्रापलीकडच्या एका देशात अठरा वर्षांनी चुकलं. नुसतं चुकलं नाही, तर त्याची किंमत लाखो कुटुंबांना मोजावी लागली.

पावलावर पाऊल

केनिया हा देश मराठी माणसाला फार परका नाही. मोंबासाहून निघणारी रेल्वे 1896 ते 1901 या काळात बांधली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या सुमारे 32 हजार मजुरांनी. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तिथेच मरण पावले. मागोमाग गुजराती दुकानदार गेले, पंजाबी कारागीर गेले आणि कचेऱ्यांतून कारकुनी करायला गोवेकर गेले.

12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला. जोमो केन्याटा हे राष्ट्रपिता. 22 ऑगस्ट 1978 ला ते वारले तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होते डॅनिएल अरप मोई. बारिंगो जिल्ह्यातल्या शेतकरी-गुराखी घरातला हा माणूस मूळचा शाळामास्तर. उंचापुरा, शिस्तीचा, भल्या पहाटे उठणारा आणि फार न बोलणारा. मोठमोठ्या जमातींच्या मातब्बर नेत्यांना वाटलं, चार दिवस बसवू या गादीवर, मग बघू! हे चार दिवस पुढे चोवीस वर्षं चालले.

मोई यांनी गादीवर बसताना घोषणा दिली ‘न्यायो’. मराठी कानाला हा शब्द ‘न्याया’सारखा वाटेल, पण स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ पाऊलखुणा. केन्याटांच्या पावलावर पाऊल टाकून चालायचं, असा त्याचा भाव. सुरुवात गोड होती. राजकीय कैदी सुटले, प्राथमिक शाळेतल्या मुलांना फुकट दूध मिळू लागलं. त्या दुधालाही लोक ‘न्यायोचं दूध’च म्हणत. हळूहळू मात्र पावलं कुणी कुणाच्या मागे टाकायची, याचा अर्थ बदलला. नोटेवर मोई, नाण्यावर मोई, दुकानादुकानांत मोईंची तसबीर आणि रेडिओच्या बातम्यांची सुरुवातही मोईंपासूनच!

1982 च्या जूनमध्ये घटनेत ‘2-अ’ नावाचं कलम घुसवण्यात आलं. देशात एकच पक्ष राहील, तो म्हणजे ‘कानू’. दोन महिने उलटायच्या आत, 1 ऑगस्टला, हवाई दलातल्या काही जणांनी बंड केलं. ते काही तासांत मोडलं गेलं; पण त्या काही तासांत नैरोबीतली भारतीयांची दुकानं लुटली गेली. पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेल्या कुटुंबांना त्या दिवशी कळलं, की राज्य डळमळलं की पहिला दगड आपल्या काचेवर येतो.

1988 मध्ये तर कमाल झाली. गुप्त मतदान नको, असं कानूने ठरवलं. पक्षाचे उमेदवार निवडताना मतदारांनी आपल्या उमेदवाराच्या प्रतिनिधीमागे उघड्यावर रांग लावायची. ज्याची रांग लांब तो जिंकला. लोकांनी या पद्धतीला ‘म्लोलोंगो’, म्हणजे रांग, असंच नाव दिलं. गावच्या अधिकाऱ्यासमोर, शेजाऱ्यासमोर, सावकारासमोर आपलं मत उभं राहून दाखवायचं! तेही ठीक, पण कित्येक ठिकाणी आखूड रांगेवाला विजयी ठरला. डोळ्यांदेखत मोजलेली माणसं कागदावर आली की उलटसुलट होत. राष्ट्राध्यक्षपदाला तर प्रतिस्पर्धीच नसे. 1979, 1983 आणि 1988, तिन्ही वेळा मोई बिनविरोध.

औंध ते नैरोबी

इथे एक मराठी आठवण सांगायलाच हवी. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारा राजा म्हणून घराघरांत ठाऊक असलेल्या या माणसाने 1939 मध्ये, इंग्रजांचं राज्य असतानाच, आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती देणारी राज्यघटना आणली. महात्मा गांधींचा त्याला आशीर्वाद होता. या कामात हिरिरीने भाग घेणारे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांना पंडित नेहरूंनी 1948 मध्ये भारताचे पहिले प्रतिनिधी म्हणून नैरोबीला पाठवलं.

गोऱ्यांच्या त्या वसाहतीत अप्पासाहेबांनी केन्याटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांशी मैत्री केली, आफ्रिकी तरुणांना शिकायला भारतात पाठवण्याची खटपट केली. ब्रिटिश सरकारच्या डोळ्यांत ते सलू लागले आणि 1954 मध्ये त्यांना केनिया सोडावा लागला. आपण होऊन सत्ता सोडणाऱ्या राजाचा मुलगा, सत्ता न सोडणाऱ्यांच्या देशात! पुढे खुद्द केनियाच्या राज्यकर्त्यांनाही हा गुण अवघड गेला.

गोव्याचा धागा तर याहून घट्ट आहे. नैरोबीत जन्मलेला आणि गोव्यात व धारवाडला शिकलेला पिओ गामा पिंटो केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला. 24 फेब्रुवारी 1965 रोजी त्याला घराच्या फाटकाशी गोळ्या घालण्यात आल्या. लहान मुलगी मोटारीतच होती. स्वतंत्र केनियातली ती पहिली राजकीय हत्या. जोसेफ मुरुंबी यांचे वडील गोव्याचे व्यापारी, आई मसाई जमातीची. ते 1966 मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि काही महिन्यांतच पायउतार झाले. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर 1967 च्या जानेवारीत कोण बसलं? डॅनिएल अरप मोई! तिथूनच त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची वाट मोकळी झाली.

अस्सल कोण?

1989 मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि साऱ्या जगात वारं फिरलं. आफ्रिकेत तर धडाधड निवडणुका लागल्या. झांबियात 1991 च्या ऑक्टोबरात केनेथ कौंडा सत्तावीस वर्षांनी हरले आणि खुर्चीवरून मुकाट्याने उतरले. केनियातही लोक रस्त्यावर आले. 7 जुलै 1990 च्या नैरोबीतल्या सभेवर पोलीस तुटून पडले. सभा बोलावणारे केनेथ मतिबा आणि चार्ल्स रुबिया त्याआधीच तुरुंगात टाकले गेले होते. तिथेच मतिबांना पक्षाघाताचा झटका आला.

1991 च्या ऑगस्टमध्ये ‘फोर्ड’ नावाची आघाडी उभी राहिली. तिचे म्होरके होते ऐंशीच्या घरातले ओगिंगा ओडिंगा, स्वतंत्र केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष. त्याच नोव्हेंबरात मदत देणाऱ्या श्रीमंत देशांनी पॅरिसच्या बैठकीत पैशाचा नळ बंद केला. अवघ्या काही दिवसांत मोई नमले. डिसेंबरात ‘2-अ’ कलम रद्द झालं. बहुपक्षीय निवडणुका होणार! नैरोबीत लोक रस्त्यावर नाचले. मोई आता गेल्यातच जमा, असं परदेशी पत्रकारही लिहू लागले.

मग विरोधकांनी एक प्रश्न काढला. राष्ट्राध्यक्ष व्हायचं कुणी?

ओडिंगा म्हणाले, मी ज्येष्ठ. तुरुंगातून आणि इंग्लंडच्या इस्पितळातून परतलेले मतिबा म्हणाले, मी सोसलं. 1992 मध्ये फोर्ड दुभंगली. ओडिंगांची ‘फोर्ड-केनिया’ आणि मतिबांची ‘फोर्ड-असिली’. ‘असिली’ म्हणजे मूळची, खरी. आपला ‘अस्सल’ शब्द ज्या अरबी मुळातून आला, त्याच मुळातला हा शब्द! अस्सल कोण, याचा वाद दोन बिऱ्हाडांत सुरू झाला. तिसरे म्वाई किबाकी. अनेक वर्षं मंत्री राहिलेला हा अर्थतज्ज्ञ, कानूला हटवणं म्हणजे दाढीच्या पात्याने प्रचंड वृक्ष तोडण्यासारखं आहे, असं म्हणत असे. ‘2-अ’ रद्द होताच त्याच किबाकींनी सरकार सोडलं आणि आपला तिसरा पक्ष काढला.

मोई हे सारं शांतपणे पाहत होते. ‘राजकारणाचे प्राध्यापक’ असं त्यांना म्हणत, ते उगाच नाही. 1992 च्या ऑगस्टमध्ये घटनादुरुस्ती करून नवा नियम आला. विजयी उमेदवाराला सर्वाधिक मतं तर हवीतच, शिवाय आठपैकी किमान पाच प्रांतांत प्रत्येकी 25 टक्के मतं हवीत. दिसायला नियम चांगला. साऱ्या देशाचा पाठिंबा हवा, याला कोण नाही म्हणेल? पण मतिबा आणि किबाकी दोघेही किकुयू जमातीचे, त्यांची मतं मध्य प्रांत आणि नैरोबीच्या परिसरात एकवटलेली. ओडिंगा लुओ, त्यांची मतं पश्चिमेच्या न्यांझा प्रांतात. पाच प्रांतांत पाय रोवून उभा असलेला एकच, कानू!

चुलीपर्यंत पोहोचलेली निवडणूक

अनेक पक्ष आले तर जमातीजमातींत मारामाऱ्या होतील, असं मोई आधीपासून बजावत होते. आणि खरोखरच रिफ्ट व्हॅलीत 1991 च्या अखेरीपासून घरं पेटू लागली. मोईंच्या बालेकिल्ल्यात राहणारी परक्या जमातीची, म्हणजे विरोधकांना मत देण्याची शक्यता असलेली माणसं हुसकावली गेली. मानवी हक्क संघटनांच्या अंदाजानुसार 1993 पर्यंत सुमारे 1,500 माणसं मेली आणि तीन लाख बेघर झाली. खुद्द संसदेच्या समितीने या हिंसेमागे राजकारण्यांचा हात असल्याचं म्हटलं. शेतावरची मक्याची कणसं तशीच सोडून चर्चच्या आवारात संसार मांडणाऱ्या बाईला मतदान केंद्र कुठलं आणि मतदार यादी कुठली!

लाखो तरुणांना ओळखपत्रंच मिळाली नाहीत. त्यामुळे यादीत नाव नाही, मत नाही. दुसरीकडे ‘यूथ फॉर कानू-92’ नावाच्या तरुणांच्या टोळक्याने पैशाचा पाऊस पाडला. त्यांच्या पुढाऱ्याचं नाव सायरस जिरोंगो. पाचशे शिलिंगच्या नोटेला लोक ‘जिरोंगो’ म्हणू लागले, इतक्या त्या नोटा वाटल्या गेल्या!

पैसा आला कुठून? ‘गोल्डनबर्ग’ प्रकरण पुढे बाहेर आलं. ज्या देशात नाव घेण्याजोगं सोनं निघत नाही, तिथून सोनं आणि हिरे निर्यात झाल्याचं दाखवून सरकारी तिजोरीतून 1991 पासून प्रोत्साहनाची प्रचंड रक्कम उचलली गेली होती. त्यातला पैसा निवडणुकीत वापरला गेला, असा आरोप झाला. 2003 मध्ये चौकशी आयोगही बसला. निवडणूक झाली आणि शिलिंग कोसळला, महागाई भडकली. मक्याच्या पिठाची ‘उगाली’ हे केनियातल्या गरिबाचं रोजचं अन्न. वाटलेल्या नोटांची वसुली शेवटी तिच्याकडूनच झाली.

29 डिसेंबर 1992 ला मतदान झालं. लोक पहाटेपासून उन्हात उभे राहिले. या वेळी रांग होती ती गुप्त मतदानासाठी. सुमारे 54 लाख मतं पडली. मोईंना 19 लाखांहून अधिक, म्हणजे 36 टक्के. मतिबांना 14 लाख, 26 टक्के. किबाकींना दहा लाखांहून अधिक, 19 टक्के. ओडिंगांना साडेनऊ लाखांच्या आसपास, 17 टक्के. तिघांची बेरीज करा. 36 विरुद्ध 62! एरवी ज्याला दारुण पराभव म्हटलं असतं, तो विजय ठरला. पाच प्रांतांची अटही एकट्या मोईंनीच पूर्ण केली. संसदेच्या 188 जागांपैकी 100 कानूला मिळाल्या. रिफ्ट व्हॅलीतल्या कित्येक ठिकाणी तर विरोधकांना अर्जही भरता आले नव्हते.

गैरप्रकार झाले का? झाले. राष्ट्रकुलाच्या निरीक्षकांनीही निवडणूक सर्वार्थाने न्याय्य नव्हती, असं सांगितलं. पण तिघांनी मिळून एक उमेदवार दिला असता, तर हे सगळे गैरप्रकार पुरले असते का, हा प्रश्न केनियातल्या घराघरांत उरला.

दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास

माणूस अनुभवाने शहाणा होतो म्हणतात. 29 डिसेंबर 1997 ला पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा उमेदवार किती होते? तब्बल पंधरा! ओडिंगा 1994 मध्ये वारले होते. त्यांचे चिरंजीव रैला ओडिंगा आता वेगळे उभे होते. चॅरिटी न्गिलू या बाईही रिंगणात होत्या. मोईंना 40 टक्के, किबाकींना 31 टक्के, बाकीची मतं विखुरलेली. मोई पुन्हा राष्ट्राध्यक्ष.

पण 1992 च्या त्या गदारोळात एक छोटीशी गोष्ट होऊन गेली होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. कोणत्याही राष्ट्राध्यक्षाला यापुढे पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती, असं घटनेत लिहिलं गेलं होतं. मतपेटीने जे केलं नाही, ते या ओळीने केलं. 2002 मध्ये मोईंना उभं राहता येईना. त्यांनी केन्याटांचे चिरंजीव उहुरू यांना पुढे केलं. या वेळी मात्र विरोधक शहाणे झाले. रैला ओडिंगांनी भर सभेत किबाकींच्या नावाला पाठिंबा जाहीर केला आणि स्वतः मागे सरले. एकच उमेदवार! 27 डिसेंबर 2002 ला किबाकी 62 टक्के मतांनी निवडून आले. दहा वर्षांपूर्वी तिघांच्या मतांची बेरीजही 62 च्याच घरात होती. लोक तेच, आकडाही जवळपास तोच; फरक फक्त पेटीचा.

30 डिसेंबरला नैरोबीच्या उहुरू पार्कात शपथविधी झाला. मोटार अपघातात जखमी झालेले किबाकी चाकांच्या खुर्चीत होते. मावळत्या राष्ट्राध्यक्षांवर गर्दीतून चिखल फेकला गेला. मोईंनी तो सोसला, सत्ता सोपवली आणि ते घरी गेले. 4 फेब्रुवारी 2020 ला वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या राजवटीचा हिशेब मांडताना ही एक गोष्टही त्यांच्या खात्यावर जमा करावी लागते. आफ्रिकेत सगळ्यांना ती जमली नाही. कॅमेरूनचे पॉल बिया 1982 पासून सत्तेवर आहेत. 1992 मध्ये तेही जेमतेम 40 टक्के मतांवर, विरोधकांच्या फाटाफुटीतून वाचले. आणि 2025 च्या ऑक्टोबरात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, आठव्यांदा विजयी घोषित झाले.

केनियाचा पुढचा रस्ताही सरळ नव्हता. ज्यांनी 2002 मध्ये हात मिळवले, तेच किबाकी आणि रैला 2007 मध्ये समोरासमोर आले. निकालावरून उसळलेल्या हिंसेत हजाराहून अधिक माणसं मेली. त्यातून 2010 ची नवी घटना आली. आता राष्ट्राध्यक्षाला पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून अधिक मतं मिळवावी लागतात. नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा निवडणूक. म्हणजे 36 टक्क्यांचा राष्ट्राध्यक्ष केनियात यापुढे होणे नाही! 2017 मध्ये तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सत्तेवरच्या राष्ट्राध्यक्षाची निवड रद्द ठरवून दाखवली. राष्ट्राध्यक्ष होण्यासाठी पाच वेळा झुंजलेले आणि पाचही वेळा अपयशी ठरलेले रैला ओडिंगा यांनी अखेरचा श्वास घेतला तो भारतात. 15 ऑक्टोबर 2025 ला, केरळमध्ये आयुर्वेदिक उपचार घेत असताना. आणि 1992 मध्ये ‘यूथ फॉर कानू’च्या नोटा वाटणाऱ्या मंडळींत असलेले विल्यम रुटो 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

महाराजपूरच्या वाचकाने हे सारं वाचून केनियाला हसायचं कारण नाही. निम्म्याहून अधिक मतांची सक्ती आपल्या लोकसभेच्या निवडणुकीतही नाही; ज्याला सर्वांत जास्त तो जिंकला. 1984 मध्ये चारशेहून अधिक जागा मिळवणाऱ्या काँग्रेसलाही देशातली निम्मी मतं नव्हती. आणि जबलपूरचं काय झालं? 1974 मध्ये एकीने जिंकलेली जागा 1977 मध्ये राखली. पण पुढे जनता पक्षात अस्सल कोण, याचा वाद पेटला, पक्ष फुटला आणि 1980 मध्ये जागा पुन्हा काँग्रेसकडे गेली. नैरोबीने आधी नापास होऊन मग उत्तर शोधलं. जबलपूरने उत्तर आधी शोधलं आणि मग ते हरवलं. मतदाराने दोन्हीकडे आपलं काम चोख केलं होतं. रांगेत उभा राहून तो मत देऊन आला होता. बेरीज करायचं काम पुढाऱ्यांचं होतं.